फ्लॅगस्टाफचा फाटा

मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे मोठे दीर ग्रँड कॅन्यनपासून दीड तासाच्या अंतरावर पोचले आणि कॅन्यन न पाहता भारतात परत गेले. गाडीत त्यांच्याबरोबर जाऊबाई, माझा नवरा आणि मी असे तिघं होतो. रस्ता बंद नव्हता. हवा स्वच्छ होती. गाडीत काही बिघाड नव्हता.

दीर पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत आणि कोल्हापुरात राहतात. नोकरीत असताना त्यांच्या टेबलाच्या काचेखाली कॅन्यनचं एक चित्र असायचं, जुन्या कॅलेंडरमधून कापलेलं. बदल्या झाल्या, टेबलं बदलली, चित्र तेच राहिलं. भेटायला आलेल्या कंत्राटदारांना ते चित्रावर बोट ठेवून विचारत, "हे काम कुणी केलं, सांगा. पाण्यानं. टेंडर न काढता." अमेरिकेला येण्याचं त्यांचं कारण धाकटा भाऊ नव्हता, ते चित्र होतं. आमच्या बेलव्ह्यूच्या घरी आल्या दिवशीच त्यांनी सांगून टाकलं की गुडघे गेले आहेत, साखर ऐकत नाही, एवढा प्रवास पुन्हा होणार नाही. "एकदा कॅन्यन बघितला की सुटलो."

लास वेगासला आरव्ही, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घ्यायची आणि फीनिक्सला सोडायची, असं ठरलं. फीनिक्सहून त्यांचं परतीचं विमान होतं. गाडी नवरा चालवणार होता. रस्ता आणि मुक्काम माझ्याकडे होते. मी लग्नाआधी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. कुठली गोष्ट कधी आणि कुठे लावायची, हे काम घरात माझ्याकडेच येतं.

या प्रवासाच्या दोन वर्षं आधी सासूबाई गेल्या. त्या दिरांकडे असत. नवऱ्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत तेव्हा संपलेली होती. भारतात गेला असता तर नवा शिक्का मिळेपर्यंत तिथेच अडकला असता, आणि नोकरीचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. तरीही त्या उन्हाळ्यात आईची तब्येत उतरायला लागल्यावर त्याने दादांना, म्हणजे माझ्या दिरांना, स्पष्ट सांगितलं होतं, "काही वाटलं तर मला लगेच कळव. व्हिसाचं मी बघेन." दादा हो म्हणाले होते.

रोज सकाळी नवरा ऑफिसला निघण्याआधी कोल्हापूरला व्हिडिओ कॉल व्हायचा. तिकडे रात्र असायची. एका मंगळवारी दादांनी सांगितलं की आई झोपली आहे. त्यांनी फोन फिरवून पलंग दाखवला. सासूबाई कुशीवर नव्हत्या, उताण्या होत्या, छातीपर्यंत शाल होती. नवरा दोन वाक्यं बोलला आणि ऑफिसला गेला. बुधवारी दादांनी फोन उचलला नाही. गुरुवारी माझ्या फोनवर त्यांच्या शेजारच्या काकूंचं स्टेटस दिसलं. झेंडूच्या फुलांची चौकट, आत सासूबाईंचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि मंगळवारची तारीख. फोटो आमच्या लग्नातला होता. कापताना माझा हात राहून गेला होता, त्यांच्या खांद्यावर.

असे मजकूर मी वर्तमानपत्रात रोज तपासून सोडत असे.

दादांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी पुढे दोन वर्षं बदललं नाही: "तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं नाही. शांतपणे गेली." नागपूरच्या नणंदेला मात्र लगेच कळवलं होतं. ती येईपर्यंत थांबले, बुधवारी सकाळी सगळं उरकलं. आम्हाला कुणीही, अगदी नणंदेनेही, एक ओळ पाठवली नाही, कारण दादांनी तसं बजावलं होतं. नवरा "त्यानं माझ्यासाठीच केलं," एवढंच म्हणाला, आणि त्या घरात व्हिडिओ कॉल करणं बंद केलं. साधा फोन करायचा.

माझी योजना साधी होती. त्यांना कॅन्यनच्या दारापर्यंत न्यायचं आणि आत सोडायचं नाही.

पहिला थांबा किंगमनच्या पलीकडे, डोंगरातल्या एका जुन्या खाणीच्या गावात घेतला. सोनं संपलं तेव्हा खाणवाले निघून गेले आणि ओझ्याची गाढवं तिथेच सोडून गेले. त्यांची पिलावळ आज गावाच्या एकमेव रस्त्यावर मालकासारखी फिरते. गाड्या थांबतात, गाढवं खिडकीतून तोंड आत घालतात. एकाने जाऊबाईंच्या पर्समधून बाकरवडीचं पाकीट ओढून काढलं.

"अगं, ते तिखट आहे, त्याला सोसणार नाही," दीर म्हणाले.

"चितळ्यांची नाहीये, घरची आहे. सोसेल."

"एवढ्या लांब गाढवं बघायला आणलंत होय? कोल्हापुरात काय कमी होती?"

"घरात एक आहे, तेवढं पुरे होतं खरं तर," जाऊबाई म्हणाल्या.

दीर हसले. पहिल्या दिवशी ते खुशीत होते. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून कोरड्या ओढ्यांवरचे पूल मोजत होते आणि कुठला चुकीच्या जागी बांधलाय ते नवऱ्याला सांगत होते. मी मागे टेबलाशी बसून फोनवर पुढचे थांबे लावत होते. या रस्त्यावर कशाचीही कमतरता नाही. वाळवंटात शंभर मैल काही नसतं म्हणून लोकांनी काहीही उभं केलेलं आहे. सिमेंटचे डायनोसॉर, बुटांनी लगडलेलं झाड, आत शिरून फोटो काढता येईल एवढा लाकडी बूट. मी एकही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी विल्यम्स आलं. कॅन्यनकडे जाणाऱ्या फाट्याचा मोठा बोर्ड आधीपासून दिसतो. दीर सीटवरून अर्धे उठले.

"हाच! हाच फाटा. घे उजवी... डावी... अरे काय ते, घे वळण!"

"येताना, दादा," मी मागून म्हटलं. "पुढचं आधी बघून घेऊ, मग कॅन्यन निवांत. शेवटी ठेवलाय."

"गोड शेवटी," जाऊबाई म्हणाल्या. "बसा हो खाली, बेल्ट लावा."

ते बसले. मान वळवून फाटा मागे जाईपर्यंत बघत राहिले. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

फ्लॅगस्टाफला पेट्रोल भरताना आम्ही दोघंच बाहेर होतो.

"तू काय करते आहेस ते मला कळतंय," तो म्हणाला.

"मग सांग त्यांना."

"तू सांग."

"मी कशाला सांगू? आपल्या घरात सांगायची पद्धत नाही."

त्याने नळी जागेवर अडकवली, पावती घेतली आणि गाडीत जाऊन बसला. दादांना त्याने काही सांगितलं नाही. गाडी पूर्वेकडे, कॅन्यनपासून लांब, निघाली.

पुढचा थांबा होता उल्का पडून झालेला खड्डा. सपाट माळावर एकदम जमीन खाली जाते. कठड्याशी उभं राहून दीर बराच वेळ खाली बघत होते.

"हे तर लोणार," ते म्हणाले.

शेजारी एक म्हातारा अमेरिकन दुर्बिणीत डोळा घालून उभा होता. दिरांनी त्याला इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे याहून मोठा आहे, आत पाणी आहे, काठाने देवळं आहेत आणि तिकीट नाही. म्हातारा म्हणाला, वंडरफुल.

"जगात कुठेही न्या, ह्यांचं बुलढाणा निघतंच," जाऊबाई म्हणाल्या. दिरांची तीन वर्षं तिथे गेली होती.

"थट्टा सोड. हा वरून पडलेल्या दगडाने झाला. एका क्षणात. त्यात काय आहे?" दीर म्हणाले. "कॅन्यन वेगळा. तिथे नदी रोज थोडं थोडं कापत बसली आहे. ते काम आहे."

मी त्यांना पुढे एका दुकानाशी नेलं. दुकानाबाहेर माणसाच्या उंचीचा काळा ससा आहे, पाठीवर खोगीर. लोक त्यावर बसून फोटो काढतात. दीर नको म्हणत होते. मी आग्रह केला. गुडघ्यांमुळे नवऱ्याला त्यांना एका बाजूने उचलून बसवावं लागलं. फोटो मी तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर पोचला होता. कट्ट्यावरच्या कुणीतरी लिहिलं, "साहेब, हाच का तो कॅन्यन?" दिरांनी ते दोनदा वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

हॉलब्रुकला मुक्काम केला. तिथे एका ओळीत सिमेंटचे पांढरे तंबू आहेत, आत खाटा टाकून ते भाड्याने देतात. आम्ही जवळच्या आरव्ही पार्कमध्ये गाडी लावली. जाऊबाईंनी पिठलं टाकलं, भात लावला.

आरव्हीच्या संडासाखाली टाकी असते आणि ती भरली की आतल्या पट्टीवर लाल दिवा लागतो. भाड्याने देणाऱ्याने सांगितलं होतं की चार माणसांना ती चार दिवस पुरते. ते कागद वापरणाऱ्या चार माणसांचं गणित असावं. आमच्याकडे पहिल्या दिवशीच दुकानातून प्लास्टिकचा मग आणून झाला होता. जाऊबाई प्रत्येक वेळी आधी भांडं धुऊन घ्यायच्या, मग स्वतःसाठी पाणी, मग जाताना परत एक मग ओतून यायच्या. दीरही तेच. मी काही बोलले नव्हते. हॉलब्रुकला सकाळी लाल दिवा लागलेला होता.

टाकी रिकामी करण्याची जागा पार्कच्या टोकाला होती. जाड नळी एका बाजूने गाडीला आणि दुसऱ्या बाजूने जमिनीतल्या भोकाला लावायची, आणि तिचं टोक कुणीतरी दाबून धरायचं. नवरा झडप उघडायला वाकला.

"दादा, तुम्ही धरता का टोक?" मी विचारलं. "पाण्याचं काम आहे. तुमचंच खातं."

जाऊबाई दारात उभ्या होत्या. "अगं, त्यांना काय सांगतेस? भाऊजी धरतील की."

"झडप कशी सोडायची ते त्या एकट्यालाच माहीत आहे."

दिरांनी हातमोजे चढवले. गुडघे वाकत नव्हते म्हणून कमरेतून वाकून त्यांनी ते टोक धरलं. नळी थरथरली. वाऱ्याची दिशा त्यांच्याकडे होती. सबंध टाकी रिकामी होईपर्यंत ते तसेच उभे होते. चेहरा दुसरीकडे वळवलेला होता.

हात धुऊन आत आल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि फोनवर नकाशा उघडला. ते नकाशे वाचणारे गृहस्थ. त्यांना वेळ लागला नाही.

"कॅन्यन मागे राहिला," ते म्हणाले. "विल्यम्सलाच वळायला हवं होतं. आपण कालपासून उलटे चाललोय." मग माझ्याकडे वळून, "उद्या दुपारी आमचं विमान आहे ना?"

"हो."

"मग कॅन्यन कधी?"

मी पोहे परतत होते. "नाही जमणार, दादा."

"हे तू आत्ता सांगतेस?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून सांगितलं नाही."

जाऊबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. दिरांनी ते वाक्य ओळखलं. ते त्यांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की चालसुद्धा तीच लागली होती.

"असं आहे तर," ते म्हणाले. "बातमीदार, हिशोब चुकता करताय."

"नाही. एक प्रश्न आहे. दोन वर्षं झाली, उत्तर नाही मिळालं. मंगळवारी रात्री फोन झाला तेव्हा आई होत्या की नव्हत्या?"

"शांतपणे गेली ती."

"कधी, ते विचारते आहे."

"आता त्याचा काय उपयोग?"

"आत्ता निघालो तर फ्लॅगस्टाफवरून दुपारी कॅन्यनला पोचू. सूर्यास्त बघून रात्री फीनिक्स गाठता येईल. मी पाहून ठेवलंय. तुम्ही फाटा येईपर्यंत सांगा, मी रस्ता लावते."

"दादांना असं बोलतेस तू?" जाऊबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही तरी..."

नवरा ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि गाडी सुरू केली.

हॉलब्रुक ते फ्लॅगस्टाफ रस्ता जवळपास सरळ आहे. ससा गेला, खड्ड्याचा बोर्ड गेला. दोन्ही बाजूंना लालसर माती, तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे काही नाही. दिरांनी पूल मोजले नाहीत. जाऊबाई मागच्या बाकावर पाठ करून झोपल्या, किंवा तसं दाखवलं. शहराअलीकडे उंच डोंगर दिसायला लागले. फ्लॅगस्टाफचे बोर्ड सुरू झाले. उत्तरेला कॅन्यन, दक्षिणेला फीनिक्स.

तेव्हा दीर बोलले. माझ्याशी नाही, समोरच्या काचेशी.

"नव्हती."

नवऱ्याने गाडीचा वेग कमी केला नाही.

"दुपारी चारच्या सुमाराला गेली. चहा ठेवला होता तिच्यासाठी, तो तसाच राहिला. डॉक्टर येऊन गेले. ताई नागपूरहून निघाली होती, ती सकाळपर्यंत येणार, म्हणून खाली घेतलं नव्हतं अजून. पलंगावरच होती. बाहेर माणसं बसली होती आणि तुझा फोन आला. मी विचार केला, सांगितलं तर हा पहिल्या विमानाने निघेल. मग अडकेल. नोकरी जाईल. नाही सांगितलं तर दर्शनाला मुकेल. म्हणून बाहेरच्यांना गप्प केलं, आत गेलो, आणि फोन फिरवला. दर्शन घडवलं मी तुला. मुकवलं नाही."

"मला माहीत नव्हतं ते दर्शन आहे," नवरा म्हणाला.

"घडलं ना पण?"

गाडीच्या कपाटांतली भांडी वाजत होती.

"मी काय बोललो होतो तेव्हा?" नवऱ्याने विचारलं.

"आता कशाला ते..."

"काय बोललो, दादा?"

"आई, मी आहे, म्हणालास. मग म्हणालास, झोपू दे तिला, उठवू नकोस."

"आणि तू काय म्हणालास?"

"बरं म्हणालो."

मागे जाऊबाई उठून बसल्या होत्या. त्या रडत होत्या. "मी म्हटलं होतं ह्यांना, सांगा म्हणून. देवाशपथ म्हटलं होतं, भाऊजी."

मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. बोलल्याप्रमाणे मी फोनवर कॅन्यनचा रस्ता लावला आणि फोन पुढच्या स्टँडवर अडकवला. यंत्रातल्या बाईने इंग्रजीत सांगितलं की एका मैलानंतर उजवीकडची लेन धरा. दिरांनी डोळे पुसले आणि सीटमध्ये सरळ झाले. शर्टाच्या खिशातून त्यांनी एक पाकीट काढलं. त्यात ते चित्र होतं, काचेखालचं, घड्या पडलेलं. तोपर्यंत ते बरोबर आणलंय हे आम्हाला माहीत नव्हतं.

"किती वाजता पोचू?" त्यांनी विचारलं.

उजवीकडची लेन मोकळी होती. बाईने पुन्हा सांगितलं, अर्धा मैल. मग पाव मैल. नवरा डावीकडच्या लेनमध्ये राहिला. फाटा उजवीकडून निघून गेला.

"अरे, चुकला," दीर म्हणाले. "चुकला फाटा. पुढून वळव."

बाई नवा रस्ता शोधत असल्याचं सांगत होती. नवऱ्याने हात लांब करून फोन बंद केला. पुढच्या मोठ्या वळणावर त्याने फीनिक्सची लेन घेतली.

"चुकला नाही, दादा," तो म्हणाला.

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला थांबवताही आलं असतं. मी थांबवलं नाही.

फीनिक्सचा रस्ता डोंगरावरून सतत खाली उतरतो. आधी पाइनची झाडं असतात, मग झुडपं, मग हात वर केलेले उंच निवडुंग सुरू होतात. दिरांनी चित्र कितीतरी वेळ मांडीवर उघडं ठेवलं होतं. नंतर घडी घातली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर नवऱ्याने त्यांच्या बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, पासपोर्ट तपासून हातात दिले, व्हीलचेअर सांगितलेली होती ती आली की नाही ते पाहिलं. आमच्या घरात निघताना धाकट्याने थोरल्याला वाकून नमस्कार करायचा असतो. नवऱ्याने तो आजवर कधी चुकवलेला नव्हता, अगदी आई गेल्यावर पहिल्यांदा कोल्हापूरला गेलो तेव्हाही. दीर व्हीलचेअरमध्ये बसले, पाय पुढे घेतले आणि थांबले.

"भाऊजी, नमस्कार राहिला," जाऊबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"राहू दे," नवरा म्हणाला.

व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यांना आत घेऊन गेला. फलकावर त्यांच्या विमानापुढे 'वेळेवर' असं होतं. ते वेळेवर सुटलं.